थोरल्याचा गाळ

आमच्या घराण्याचा इतिहास लिहायला दादाने मला बोलावून घेतलं. मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आता निवृत्त आहे, आणि बहीण असल्यामुळे पैसे मागणार नाही, हे सगळंच त्याच्या पथ्यावर पडणारं होतं. त्याला इतिहास नको होता, भिंतीवर लावायला काहीतरी हवं होतं, हे मला तिथे पोचल्या पोचल्याच कळलं.

आमचं खोरं द्राक्षांचं. नदीच्या दोन्ही अंगांना उतारावर मळेच मळे आणि दर वळणावर एखादी वाइनरी. जगभरातली माणसं इथे येतात, ग्लास गोल फिरवतात, त्यात नाक खुपसतात आणि डोळे मिटून काहीतरी समजल्यासारखं करतात. मला हा प्रकार लहानपणापासून बघवत नाही. दादाने आता आमच्या जुन्या पिंपघराचं 'दालन' करायचं काढलं होतं. लोकांनी तिकीट काढून आत यायचं, खोऱ्यात वाइन कशी सुरू झाली नि कशी वाढली ते भिंतीवर वाचायचं, शेवटी एक घोट घ्यायचा आणि जाताना बाटल्या न्यायच्या. हे जुळवायला त्याने एक सल्लागार नेमला होता. हा गृहस्थ पांढरे बूट घालून पिंपघरात वावरायचा आणि बुटावर थेंब उडाला की जवळच्या कामगाराकडे रागाने बघायचा.

सल्लागाराची पहिली ताकीद अशी की 'दारू' हा शब्द कुठेही यायला नको. दादाला तो आधीपासूनच चालत नाही. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बनते ती वाइन, आणि कामगार संध्याकाळी पितात ती दारू. कामगारही तीच पितात, फक्त पिंपाच्या खालच्या नळाची, गाळाजवळची.

मी पहिला फलक लिहिला तुडवणीवर. पूर्वी दगडी हौदात द्राक्षं टाकून माणसं ती पायांनी तुडवायची. काम सुरू झालं की मजुरांना वर येऊ देत नसत, कारण पुन्हा पाय धुण्यात वेळ जातो. त्यांचा घाम, थुंकी आणि ज्याचं नाव चारचौघांत घेत नाहीत तेही त्याच रसात जायचं. आंबलं की सगळं शुद्ध होतं, असं मालक सांगायचे. आंबताना निघणारा वायू हौदाच्या तळाशी साचतो. वाकलेला माणूस त्यात कोसळायचा, त्याला ओढायला उतरलेलाही कोसळायचा, आणि ती खेप तरीही विकली जायची. सल्लागाराने वाचलं आणि नाक मुरडलं. "मॅडम, लोक इथे जेवून येणार आहेत," तो म्हणाला. फलक छापून आला तेव्हा त्यावर गावकरी गाणी म्हणत, हसतखेळत द्राक्षं तुडवत होते.

दुसरा फलक किडीचा. पणजोबांच्या वडलांच्या काळात वेलींच्या मुळांवर एक बारीक किडा आला आणि सगळं खोरं वाळून कोळ झालं. शेवटी दुसऱ्या खंडातल्या रानवेलींची मुळं बोटीने आणली आणि त्यांच्यावर आमच्या वेलींची कलमं बांधली. आज या खोऱ्यातली एकही वेल स्वतःच्या मुळांवर उभी नाही. मी हे लिहिलं, आणि छापून आलं की आमच्या वेली याच मातीत रुजल्या. मी दादाला जाब विचारला तर तो म्हणाला, "अगं, माती तर आपलीच ना?"

तिसऱ्या फलकाला तो स्वतःच आडवा आला. वेली वाळल्या त्या वर्षांत द्राक्षं नव्हती, पण व्यापाऱ्यांना माल हवाच होता. तेव्हा मनुका भिजवून, साखर आणि लाकडाचा रंग घालून वाइन बनायची. जी आंबट व्हायची तिच्यात शिशाचे पत्रे लटकवून ठेवायचे. आंबट वाइन शिसं खाते आणि गोड होते. ती पिणाऱ्याच्या पोटात कळा येतात, हात लुळे पडतात, डोकं फिरतं, बायकांची मुलं पोटातच जातात. पण वाइन गोड होते, आणि चांगली टिकतेही. शिसं घालायला कायद्याने बंदी कधीच झाली होती, पण अडल्यावर कायद्याला कोण विचारतो. दादाने माझ्यादेखत लाल पेन्सिलीने त्यात दोन शब्द घुसवले, 'इतर खोऱ्यांत'. मग त्याने पेन्सिल कानामागे अडकवली आणि समाधानाने जेवायला गेला.

आता थोरल्याबद्दल सांगायला हवं. थोरला म्हणजे पिंपघराच्या टोकाला उभं असलेलं आमचं सगळ्यात जुनं पिंप. आत दोन माणसं सहज उभी राहतील एवढं. किडीच्या वर्षांत ते पहिल्यांदा भरलं आणि तेव्हापासून कधीच रिकामं केलं नाही. दर हंगामात जेवढं प्यायलं जाईल तेवढी नवी वाइन घरातल्या कर्त्याने वरून ओतायची. म्हणजे आजच्या घोटात खापरपणजोबांचाही थेंब असतो, असं आम्हाला लहानपणी अभिमानाने सांगायचे. मला तेव्हाही ते ऐकून कसंसंच व्हायचं. दुसऱ्याने चोखलेली गोळी तोंडात घालावी तसं.

थोरल्याची वाइन विकायची नाही. ती फक्त घराण्याने प्यायची. रोज जेवताना एक छोटा पेला, नव्या सुनेला उंबऱ्याच्या आत आल्यावर एक, आणि बाई पोटुशी राहिली की दोन, म्हणजे बाळ द्राक्षासारखं भरतं. पोटात कळ आली तरी थोरल्याचाच घोट. आणि आमच्या घराण्यात पोटात कळ सगळ्यांनाच यायची. त्याला 'आमचं पोट' म्हणायचे, जसं काही ते वडिलोपार्जित घड्याळ आहे. आजोबांचा उजवा हात मनगटापासून लोंबायचा, तर तो म्हणे खुडणी करून करून दमला. आमच्या हिरड्यांवर दातांच्या कडेने एक निळसर काळी रेघ असायची. आजी मुलांचे ओठ वर करून ती रेघ पाहुण्यांना दाखवायची. ज्याला रेघ, तो अस्सल आमच्या रक्ताचा.

मी लग्न होऊन दूर गेले आणि माझी पोटदुखी गेली. रेघही पुढे पुसट होत होत दिसेनाशी झाली. माहेरी आले की मला चिडवायचे की मी आता परक्या घरची झाले.

दादाची एकुलती एक मुलगी बारकी. तिशी ओलांडली तरी घरात तिला बारकीच म्हणतात. जावई बोटीवर नोकरीला, त्यामुळे बाळंतपणासाठी ती माहेरी आली होती. तिची आधीची दोन्ही बाळं पोटातच गेली होती, दोन्ही इथेच, माहेरी आल्यावर. आता पुन्हा सहावा लागला होता. ती दिवसातून किती वेळा पोटावर हात ठेवून थांबायची आणि बाळ हललं की मान हलवून पुढे चालायची. वहिनी तिला जेवताना थोरल्याचे दोन पेले न चुकता द्यायची. "आपल्या घरच्या बायकांची कूस नाजूक हो," वहिनी मला म्हणाली. तिलाही बारकीच्या आधी तीनदा दिवस गेले होते आणि हाती काही लागलं नव्हतं. ती तर दुसऱ्या घरातून आलेली. हे माझ्या डोक्यात आलं, पण तेव्हा मी ते धरून ठेवलं नाही.

सल्लागाराला थोरला दालनाच्या मधोमध, दिव्यांच्या उजेडात हवा होता. पण त्याची एक फळी झिरपत होती. पिंपवाला आला, त्याने ठोकून बघितलं आणि रिकामं केल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून सांगितलं. दादाचा चेहरा पडला. सल्लागार मात्र खुलला. आतली वाइन स्टीलच्या पिंपांत काढू, तिची लहान लहान बाटल्यांत विक्री करू, उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना दाखवू, असं त्याने भराभर ठरवून टाकलं. दादाने थोडे आढेवेढे घेतले. पण किंमत ऐकल्यावर घराण्याची रीत त्याच्या घशाखाली सहज उतरली.

वाइन काढून झाली आणि पिंपवाल्याने खालचं दार उघडलं. त्या वासाचं काय सांगू. आंबट, कुजका, मधूनच शिळ्या तेलासारखा, आणि या सगळ्याच्या खाली एक गुळचट वास, तो सगळ्यात घाण. कामगार तोंडाला फडकी बांधून मागे सरले. दारातून काळा जांभळा गाळ फरशीवर आला, थंड आणि सावकाश. त्यात उंदरांची हाडं होती, माश्यांचे पंख होते, कुणाच्या तरी चपलेचा तुकडा होता. आम्ही लहानपणी जे पेल्यापेल्याने प्यायलो ते यावर उभं होतं. मी पडवीत जाऊन ओकले.

परत आले तेव्हा सल्लागार वाकून गाळाचे फोटो काढत होता. "हे फेकायचं नाही," तो म्हणाला. "छोट्या काचेच्या नळ्यांत भरू. घराण्याची माती. लोक वेडे होतील." कामगार माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "उंदरांसकट भरणार का?" त्यावर तो हसला आणि उंदीर वेगळे काढायला सांगितले.

पिंपवाला आत शिरला आणि थोड्या वेळाने त्याने आतून विचारलं, "इथे वर काय टांगलंय हो?" त्याने एकेक करून बाहेर दिले. करडे, जाड, मऊ पत्रे. पिंपाच्या आतल्या बाजूला आकड्यांना अडकवलेले. कडा खाल्लेल्या, अंगावर पांढरी बुरशी आल्यासारखा थर. मी नखाने ओरखडलं तर आत चकचकीत निघालं, आणि हातात घेतलं तर पत्र्याच्या मानाने भलतंच जड. मी लिहिलेला आणि दादाने दुसऱ्या खोऱ्यांत ढकललेला तो फलक पाच पावलांवर भिंतीला टेकवून ठेवला होता.

"शिसं आहे," मी दादाला म्हटलं.

"जस्त असेल."

"दादा, शिसं आहे. कुणीतरी आंबट माल गोड करायला टांगलं आणि मग काढलंच नाही."

"काढायचं कसं? थोरला रिकामा करायचाच नसतो," तो म्हणाला. सहज म्हणाला. तेवढ्यात सल्लागार पत्रे काचेच्या पेटीत ठेवायचं बोलू लागला, तर दादाने ते कामगाराला भंगारात टाकायला सांगितले. फार घाईने सांगितलं.

मी आधी घरात गेले. बारकीसाठी काढून ठेवलेली थोरल्याची बाटली मोरीत ओतली आणि तिला नि वहिनीला सांगितलं की पिंप हलवल्याने गाळ वर आलाय, निवळेपर्यंत थेंबही घेऊ नका. वहिनी म्हणाली, "आम्ही नाही घेणार, पण ह्यांना कोण सांगणार?" मी म्हटलं त्यांना मी बघते. मग स्टीलच्या पिंपातून एक बाटली भरून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या प्रयोगशाळेत नेली. खोऱ्यातली सगळी वाइन विकण्याआधी तिथेच तपासतात. आमची थोरल्याची कधी तपासली नव्हती, कारण ती विकायचीच नसते.

प्रयोगशाळेतल्या बाईने मला दुपारपर्यंत थांबवलं. मग ती स्वतः बाहेर आली, हातात कागद नव्हता. तिने विचारलं, "हे कुणी प्यायलं नाहीये ना?"

मी म्हटलं, "आम्ही सगळे पितो. जेवताना."

मग घरात कुणी गरोदर आहे का, हे तिने आपणहून विचारलं. मी हो म्हटल्यावर तिने मला बसवलं आणि बारकीचं रक्त तपासायला कुठे न्यायचं ते सांगितलं. आता थांबवलं तर बाळ वाचायला वाव आहे, यापुढे मात्र थेंबही नको, हे तिने मला दोनदा बजावलं. खुर्चीत बसल्या बसल्या मला वहिनीची तीन आठवली, बारकीची दोन आठवली, आजी ज्यांची नावंसुद्धा घेत नव्हती ती आठवली. आणि आजी मुलांचे ओठ वर करून दाखवायची ते आठवलं. मला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

संध्याकाळी दादाला पिंपघरात गाठलं. तो खुर्च्या मोजून घेत होता. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "तिथे आपलं नाव सांगितलंस?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. माझा भाऊ, त्याच्या मुलीची दोन मुलं याच पिंपाने खाल्ली असतील असं मी त्याला सांगते आहे, आणि तो नावाचं विचारतो.

"असं बघू नकोस," तो म्हणाला. "मी म्हणतोय, बोभाटा व्हायला नको. परवा एवढी माणसं येणार. व्यापारी, पेपरवाले. बाहेर गेलं तर उरलेली वाइन कोण घेईल? चांगली असली तरी कोण घेईल?"

"बारकीचं काय?"

"तिला मी सांगतो. नीट, समजावून. या दिवसांत एकदम धसका नको. तू बोलू नकोस." मग त्याचा आवाज चढला. "आणि एवढं काय गं? आजोबा म्हातारे होऊन गेले. मी साठ ओलांडली. जन्मभर पितोय, आजही जेवताना पिणार आहे. मला काय झालंय?"

"हिरडी दाखव," मी म्हटलं.

त्याने तोंड घट्ट मिटलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून समजूत घातल्यासारखं म्हणाला, "फक्त दालन उघडू दे. नंतर सगळं ओतून टाकू. माझा शब्द." त्याच्या हाताला त्या गाळाचा वास येत होता. मी हात झटकला.

दुसरा दिवस सगळा गेला. दादा जेवायलाही घरी आला नाही. तयारीत होता, वहिनी त्याचा डबा पिंपघरात पाठवत होती. बारकी दिवेलागणीला स्वयंपाकघरात नॅपकिन दुमडत बसली होती आणि उद्याच्या कार्यक्रमाचं सांगत होती. सल्लागाराच्या डोक्यातून निघालेली एक टूम होती. शेवटी, सगळ्यांसमोर, दादाने थोरल्याचा पहिला पेला तिला द्यायचा. जुनं घराणं, नवं बाळ. फोटोवाला बोलावला होता. "बाबा काल सांगून गेले, कुठली साडी नेसायची ते," ती म्हणाली.

"काल? किती वाजता?"

"संध्याकाळी. तुझ्याशी बोलून बाहेर आले तेव्हाच. का गं?"

म्हणजे त्याने तिला साडीचं सांगितलं होतं, दुसरं काही नाही. मी वहिनी मागच्या अंगणात असल्याची खात्री करून घेतली आणि बारकीला सगळं सांगितलं. आडपडदा ठेवला नाही. ती नॅपकिन दुमडत राहिली. मग हात थांबले.

"आधीची दोन्ही, आत्या?"

"नक्की कुणीच सांगू शकणार नाही. पण मला तसं वाटतं."

ती रडली नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला तर पाठ दगडासारखी. "हे नीट आहे का आता?" तिने पोटाकडे बघत विचारलं. मी प्रयोगशाळेतल्या बाईचं बोलणं सांगितलं, परवा रक्त तपासायला जायचं सांगितलं. तिने मान हलवली.

"बाबांना माहीत आहे?"

"कालपासून."

"आणि उद्याचा पेला?"

"तो रद्द करेल. सगळं ओतून टाकायचा शब्द दिलाय मला. तुला तो स्वतः सांगणार होता, कदाचित सकाळी सांगेल."

"मग सकाळी बघू," बारकी म्हणाली आणि उरलेले नॅपकिन दुमडायला लागली.

सकाळी दादा घाईत होता. दुपारीही होता. मी दोनदा त्याच्या वाटेत उभी राहिले, दोनदा तो कुणाला तरी हाक मारत निसटला.

दालन भरलं. व्यापारी, शेजारच्या वाइनरींचे मालक, त्यांच्या बायका, पेपरवाले. थोरला मधोमध उभा होता, घासूनपुसून, खालून दिवे सोडलेले. वास मारायला कुणीतरी फुलांची टोपली ठेवली होती, पण तो गुळचट वास फुलांच्या आडूनही येत होता. फक्त मलाच येत होता की काय कोण जाणे. लोक फलक वाचत हिंडत होते. एक बाई शिशाच्या फलकापुढे थांबून "अगंबाई, काय काय करायचे लोक," म्हणाली, आणि तिच्या नवऱ्याने इतर खोऱ्यांतल्या माणसांची लायकी काढली. गाळाच्या नळ्या एका तबकात मांडल्या होत्या. प्रत्येकीला लाल रिबन. माणसं त्या उजेडासमोर धरून बघत होती.

दादा बोलायला उभा राहिला. चांगला बोलतो तो. खापरपणजोबा, कीड, चिकाटी, मुळं, माती. मग त्याने काचेच्या सुरईतून एक छोटा पेला भरला आणि म्हणाला, "आमच्या घराण्याची रीत आहे. थोरल्याचा पहिला मान येणाऱ्या पिढीला." आणि तो बारकीकडे वळला.

मला वाटलं होतं तो दुसरं काहीतरी भरेल. इतकी वाइन आहे त्याच्याकडे, साधी लाल कुठलीही चालली असती, कुणाला कळलं असतं? पण थोरल्यासाठीची ती सुरई मी ओळखत होते आणि तो रंगही. मी खुर्चीतून उठले. बारकीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि मला खाली बसवलं. मग ती स्वतः उठून पुढे गेली.

दादाने पेला तिच्या हातात दिला. फोटोसाठी तिच्या खांद्यावर हात टाकला आणि तोंडावरचं हसू न हलवता पुटपुटला. पहिल्या रांगेत होते म्हणून मी ऐकलं. "नुसतं ओठांना लाव. फोटोपुरतं."

बारकीने त्याच्याकडे बघितलं. असं बघितलं की मला दुसरीकडे बघावंसं वाटलं. मग ती मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, आधी तुम्ही. मान मोठ्यांचा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. किती गोड मुलगी, असं मागून कुणीतरी म्हणालं. दादा हसला, पेला घेतला, छातीपर्यंत आणला. आणि तिथेच थांबला. कुणालाही वाटावं तो आणखी दोन शब्द बोलणार आहे. त्याच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला.

"मला जरा आज," तो म्हणाला, "पित्त आहे."

माझ्या शेजारी वहिनी बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं. नवऱ्याची पंचाईत झालेली बघून ती त्याच्या मदतीला धावली, पलीकडच्या पाहुण्या बाईला सांगितलं, पण शांततेत ते सगळ्या दालनाला ऐकू गेलं. "हो ना, परवा संध्याकाळपासूनच. डब्याबरोबर बाटली पाठवते, तशीच भरलेली परत येते. जन्मात पहिल्यांदा. शिवले नाहीत ते थोरल्याला."

बारकी बापासमोर उभी होती. तिने एक हात पोटावर ठेवला.

"परवा संध्याकाळपासून," ती म्हणाली.

दादाने मान वर केली नाही. मला त्याची जितकी किळस आली तितकी गाळाचीही आली नव्हती. बारकी वळली, वहिनीजवळ आली, तिच्या दंडाला धरून म्हणाली, "आई, ऊठ. घरी चल, तुला काही सांगायचंय." वहिनी गोंधळून उठली, पदर सावरत, पाहुण्यांची माफी मागत तिच्यामागून गेली. मीही उठले.

दारापाशी पोचले तेव्हा मागे फोटोवाल्याचा आवाज आला. "साहेब, एक घोट तेवढा घ्या ना. फोटो राहिलाय."

दादाने पेला टेबलावर ठेवून दिला.